टाकीवरून उतरवलेल्या अँटेना

आमच्या गावच्या पाण्याच्या टाकीवर निळ्या रंगात 'जल हेच जीवन' असं लिहिलेलं आहे. एकेक अक्षर माणसाएवढं. गोंडपिपरीकडून येणाऱ्या एसटीत बसलेल्या माणसालाही खिडकीतून वाचता येतं. बाकीच्यांना त्यात वावगं काही दिसत नसेल, पण ती अक्षरं दिसली की माझं डोकं अजून फिरतं. त्या अक्षरांपायी माझ्या मोठ्या जावेचा उजवा हात गेला. हात आहे खांद्याला, पण नुसता आहे म्हणायचा.

त्या टाकीच्या बुडाशी एक खोली आहे. आधी तिथे पंपाचं सामान पडलेलं असायचं. आता तिथे आमचा रेडिओ आहे. रेडिओ म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे मोठी इमारत येते. आमच्याकडे एक टेबल, दोन माइक, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना ठोकलेल्या जुन्या गाद्या आणि कोपऱ्यातल्या कपाटात ते आवाज बाहेर पाठवणारं यंत्र, एवढाच संसार. स्वतःचा मनोरा उभारायची ऐपत नव्हती, म्हणून रेडिओ सुरू करून देणाऱ्या संस्थेच्या लोकांनी टाकीच्या माथ्यावर एक लोखंडी पाइप उभा करून त्याला चार अँटेना बांधल्या. मासळी वाळत घालायला काड्या आडव्या बांधाव्यात, तशा दिसायच्या खालून. तेवढ्यावर आमचा आवाज आजूबाजूच्या दहा-बारा गावांत जायचा.

मी तिथे बोलायला लागले ती जाऊबाईमुळे. लग्न होऊन आले तेव्हा मी एकोणीस वर्षांची, बारावी झालेली. रेडिओवर बाई पाहिजे म्हणून दवंडी झाली तेव्हा घरात सगळ्यांनी नाकं मुरडली. सून काय माइकवर बोलणार, चारचौघांत आवाज जाणार. जाऊबाई कधी शाळेत गेली नाही, पण तिने सासूला सरळ सांगितलं की पोरगी शिकली ती चुलीत घालायला नाही, हिचं लेकरू मी सांभाळते. आणि सांभाळलं. माझा मुलगा तिच्या कडेवर मोठा झाला. आमच्या चुली वेगळ्या होत्या, आवार एकच होतं. तिला मी 'बाई' म्हणायची. ती मला 'ए रेडिओ' म्हणून चिडवायची.

एरवी आमचं काम साधं. लसीकरण कधी, विजेच्या डीपीचं काम कधी, भजनं, वाढदिवस. पण चैत लागला की खरं काम सुरू. आमच्याकडे मोहफूल पहाटे गळतं. उजाडताना वेचलं तर हाती लागतं, नाहीतर हरणं खातात, उरलेलं ऊन खातं. म्हणून धानाची आणि कापसाची कामं नसलेल्या दिवसांत गावातल्या झाडून सगळ्या बाया टोपल्या घेऊन अंधारातच जंगलाकडे निघतात. झाडाखाली तासन् तास वाकून वेचतात. आणि वाकलेली बाई जनावराला बाई वाटतच नाही, चरणारं काहीतरी वाटतं. आमच्या बाजूला दर हंगामात कुठे ना कुठे वाघाने कोणाला तरी धरलंच.

म्हणून पहाटे पाचला मी खोली उघडायची. वनरक्षकाचा फोन यायचा, पावलं कुठे दिसली, जंगलातल्या कॅमेऱ्यात काय आलं. मी माइकवर सांगायची, अमक्या बाजूच्या मोहाकडे आज जाऊ नका. शाळेच्या पुढे, रस्त्याला लागायच्या आधी, प्रत्येक घोळक्यातली एक बाई मोबाइलवर रेडिओ लावायची आणि बाकीच्या तिला विचारायच्या, "रेडिओ का म्हणते?" चार हंगाम असे गेले. आमच्या गावच्या बायांपैकी एकीलाही खरचटलं नाही. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

आता यातली ग्यानबाची मेख सांगते. प्रशिक्षण द्यायला आलेल्या सरांनी मला बजावलं होतं, की धोका असेल तरच बोलायचं. धोका नसेल त्या दिवशी भजन लावायचं आणि गप्प बसायचं. 'आज काही नाही, जा' असं माइकवर कधी म्हणायचं नाही, कारण उद्या काही झालं तर ते आपल्या अंगावर येतं. मी मान हलवली. आनंदाने हलवली, कारण मलाही अंगावर घ्यायचं नव्हतं. मग बायांनी त्यातून आपला नियम काढला. ती बोलली तर थांबायचं, नाही बोलली तर जायचं. कुठे लिहिलेलं नव्हतं, पण लहान पोरींनाही पाठ होतं.

त्या दिवशी वनरक्षकाचा फोन साडेचारलाच आला. नाल्यापल्याडच्या मोहाजवळ वाघीण, सोबत दोन पिल्लं. पिल्लांची आई म्हणजे सगळ्यात वाईट. मी धावत खोलीवर गेले, यंत्र चालू केलं आणि पावणेपाचपासूनच बोलायला लागले. एकदा नाही, सहा वेळा. नाल्यापल्याड कोणी जाऊ नका, पिल्लंवाली आहे. मधे भजन लावलं, पुन्हा बोलले. टेबलावर आमचा एक छोटा रेडिओ असतो, बाहेर काय जातंय ते ऐकायला. त्यात माझा आवाज खणखणीत येत होता. मी नोंदवहीत लिहिलं, 'इशारा दिला', पुढे वेळ आणि सही.

सात वाजता गावात आरडाओरडा झाला. नाल्यापल्याड वाघिणीने बाईला धरलं. कोणाला, हे कळायच्या आधीच माझे पाय आवाराकडे पळत होते. जाऊबाईचं दार बाहेरून ओढलेलं होतं.

सोबतच्या बायांनी डबे बडवले, दगड मारले, बोंब ठोकली, तेव्हा वाघिणीने तिला सोडलं. आधी ट्रॅक्टरवर टाकून गोंडपिपरी, तिथून गाडीने चंद्रपूर. ती वाचली, हे डॉक्टर तिसऱ्या दिवशी बोलले. चौथ्या दिवशी मला आत सोडलं. खांद्यापासून कोपरापर्यंत पट्ट्या, चेहरा सुजलेला. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "झोपली होतीस का वं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिच्यासाठी मी साडेचारला उठून धावले, ती मला झोपली होतीस का विचारते? मी तिथेच सांगितलं, की मी बोलले, सहादा बोलले, वहीत लिहिलेलं आहे, तुम्हीच ऐकलं नाही. दवाखान्यात खाटेवर पडलेल्या बाईला मी असं बोलले. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि तिच्यावरच चिडत राहिले, हे आठवलं की आज स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

गावात परत आले तर तिच्यासोबत असलेली शेजारीण भेटली. तिला मी फैलावर घेतलं. ती म्हणाली, रेडिओत नुसती खरखर होती, भजनसुद्धा नव्हतं. दोघीतिघी बोलल्या की आज थांबावं, मशीन बिघडलं असंल. पण तुझ्या जावेनेच समजावलं, "भजन लावाले इसरली असंल. पण जनावर असतं तर आपली रेडिओ बोलली असती. ते चुकत नाई."

हे ऐकलं आणि शेजारणीला तिथेच सोडून मी निघाले. खोलीवर गेले, यंत्र चालू केलं, भजन लावलं आणि टेबलावरचा रेडिओ हातात घेऊन चालू लागले. टाकीपाशी आवाज स्वच्छ. ग्रामपंचायतीपाशी चिरका. शाळेच्या कुंपणापाशी खरखर. शाळेच्या पुढे त्या खरखरीशिवाय काहीच नाही. मी वळून टाकीकडे पाहिलं, तर माथ्यावर जिथे पाइप असायचा तिथे नुसतं आभाळ होतं. आणि टाकीच्या पोटावर ताज्या रंगाची निळी अक्षरं.

मी शिडी चढून वर गेले. साडी खोचली आणि गेले, खाली माणसं जमली तरी. पाइप आडवा पडला होता, चारही अँटेना त्याच्यासकट, वर रंगाचे डबे ठेवलेले. वायर अर्धवट ओढलेली. यंत्र खाली बिचारं चालू होतं आणि त्याचा आवाज टाकीच्या पायथ्यापाशीच मरत होता. म्हणून माझा आवाज फक्त मला ऐकू आला. कपाटात यंत्रावर लाल दिवा लागलेला होता. बिघाड असला की तो लागतो, असं मला पहिल्याच दिवशी सांगितलेलं. धूळ जाऊ नये म्हणून मी कपाटाचं दार लावून ठेवायची. उघडून पाहिलं असतं तर दिसलं असतं. हीही चूक माझी, ती दुसऱ्या कोणावर ढकलत नाही.

पण बाकीचं ऐका. स्वच्छतेच्या बक्षिसाची कमिटी येणार होती. टाकी रंगवायचं काम निघालं. कमिटीसोबत फोटो काढायचा, आणि फोटोत अक्षरांच्या डोक्यावर ती काड्यांची अडगळ बरी दिसत नाही, म्हणून रंगवाल्यांना अँटेना उतरवायला सांगितल्या. आदल्या दिवशी संध्याकाळी. कोणी सांगितलं? कंत्राटदार म्हणतो सचिवांनी. ग्रामपंचायतीचे सचिव म्हणतात कंत्राटदाराने आपल्या मनाने. सगळ्यांनी कानावर हात. मी तिथून शंभर पावलांवर राहते. माझा नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहिलेला आहे. एका माणसाला एक फोन करावासा वाटला नाही. चैताचा महिना, गावातल्या अर्ध्या बाया जंगलात, आणि यांना फोटोतली अडगळ दिसली.

हल्ल्याच्या चौकशीचे साहेब आले. त्यांनी नोंदवही मागितली, पान उघडलं, मोबाइलने फोटो काढला आणि मला शाबासकी दिली. म्हणाले, नोंद असल्यामुळे काम सोपं झालं. त्यांच्या कागदावर काय उतरणार ते मला सचिवांकडून कळलं. सूचना प्रसारित होऊनही सदर महिला निष्काळजीपणे जंगलात गेली. सदर महिला! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. संध्याकाळी सचिव स्वतः घरी आले, ओसरीवर बसले, चहा घेतला. मॅडम, तुमच्यावर काही येत नाही, तुम्ही तुमचं काम केलं, वहीत आहे. आता अँटेनाचं कायले काढता? गावाची बदनामी होते. तुमचा रेडिओही त्या टाकीच्या जिवावर आहे, हे ध्यानात ठेवा.

नवऱ्याचंही म्हणणं तेच पडलं. गप्प राह्य, तू सुटली. आणि खरं सांगते, दोन दिवस मी गप्प राहिले. मूग गिळून बसले. सुटल्याचं बरं वाटत होतं. गावात लोक बोलू लागले, की ती पहिल्यापासूनच हट्टी, कोणाचं ऐकेल तर शपथ, रेडिओ कानीकपाळी ओरडत होता तरी गेली. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यात माझ्या मुलाने एक दिवस शाळेतून येऊन विचारलं, मोठी आई ऐकत नाई म्हणून तिले वाघानं खाल्लं का? ज्या बाईने त्याला भात भरवला, तिच्याबद्दल. मी त्याच्यावर हात उगारला आणि मग माझाच हात मला जड झाला. त्याला कोणी सांगितलं होतं? माझ्या वहीने.

ग्रामसभा होती. साहेब, सचिव, सरपंच समोर खुर्च्यांवर, गाव सतरंजीवर. अहवाल वाचायला घेतला तेव्हा मी उभी राहिले. माझा आवाज माइकवर कधी कापत नाही, तिथे कापत होता. रागाने. मी वही वर धरली आणि म्हटलं, "वही माझी आहे, अक्षर माझं आहे, पण यात लिहिलं ते खरं नाही. मी बोलले हे खरं. इशारा दिला हे खोटं. कोणाला मिळालाच नाही, तर दिला कुठून?"

मग मी सगळं बाहेर काढलं. पाइप, रंगाचे डबे, शाळेच्या कुंपणापासूनची खरखर, कपाटातला लाल दिवा. सचिवांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, ते म्हणाले, हे तांत्रिक विषय आहेत, बाईमाणसाला कळत नाहीत. मागे बसलेल्या मोहाच्या बाया उठून उभ्या राहिल्या. एकेकीने सांगितलं, आमाले काईच ऐकू आलं नाई. शेजारणीने जाऊबाईचं ते वाक्य सांगितलं, ते चुकत नाई म्हणाली म्हणून.

याचं फळ काय मिळालं ते ऐका. अहवालातून 'निष्काळजीपणे' हा शब्द गेला. त्या जागी आलं, 'तांत्रिक बिघाडामुळे'. बिघाड! चार अँटेना आपल्या पायांनी खाली उतरून आडव्या झाल्या, त्याला बिघाड म्हणायचं. कोणाला साधी नोटीस नाही. बक्षीसही मिळालं गावाला, त्याचा फलक ग्रामपंचायतीत लटकतो आहे. पाइप आठवडाभराने पुन्हा उभा झाला, पण अक्षरांच्या मागच्या बाजूला, फोटोत येणार नाही असा. एवढीच माझी कमाई, की टाकीच्या शिडीच्या कुलपाची एक किल्ली आता माझ्याकडे असते. आणि कपाटाला दार नाही. ते मी स्वतः काढून फेकलं.

जाऊबाई दोन महिन्यांनी घरी आली. मी तिला सगळं सांगितलं, माझ्या दवाखान्यातल्या बोलण्यासकट. ती ऐकून घेऊन म्हणाली, "तू मले एकच सांग. रोज काऊन नाई बोलत? जनावर नाई तं नाई म्हन. आमी काय समजाव गप्प राहिल्यावर?" मी सरांचं ते अंगावर येण्याचं सांगायला तोंड उघडलं आणि तिच्या खांद्याकडे बघून मिटलं. कोणाच्या अंगावर आलं ते समोर बसलं होतं.

पुढच्या चैतापासून मी रोज बोलते. जनावर असो, नसो. आणि आठवडाभर आधीपासून गावोगाव सांगितलं, की आवाज आला नाही तर कोणी निघायचं नाही. संस्थेतून फोन आला, की 'जा' म्हणणं नियमात बसत नाही. मी म्हटलं, मग नियम घेऊन तुम्ही या पहाटे पाचला. कोणी आलं नाही.

त्याच चैतात एका पहाटे वादळाने लाइन गेली. बॅटरीही पाच मिनिटांत बसली. वनरक्षकाचा फोन येऊन गेला होता, सगळीकडे पाहिलं, आज कुठेच काही नाही. पण माझ्याकडे सांगायला यंत्र नव्हतं, बायांचे फोनही लागेनात. मी कुलूप लावलं आणि जंगलाच्या रस्त्याकडे पळत सुटले. मनात एकच, की बाया खरखर ऐकून पुन्हा गेल्या असतील.

रस्त्यावरच्या रपट्यापाशी, नाल्यावरच्या बुटक्या पुलापाशी, तीस-चाळीस बाया टोपल्या ठेवून खाली बसल्या होत्या. काही कुरकुरत होत्या, मोहा हरणं खाऊन राह्यले म्हणून. आणि रपट्याच्या मधोमध जाऊबाई उभी होती, डाव्या हातात काठी आडवी धरून. तिची टोपली तिच्या पायाशी होती. वाघिणीनंतर ती जंगलात गेलेली नव्हती. त्या दिवशी निघाली होती, मला न सांगता.

मी धापा टाकत म्हटलं, लाइन गेली. तिने विचारलं, "जनावराचं का म्हणते?"

चार हंगाम जे म्हणायचं मी टाळलं, ते यंदा रोज माइकवर म्हणत होते. पण खोलीत बसून म्हणताना समोर भिंत असते. इथे ती होती, पदराखाली लोंबणारा हात घेऊन. "आज काही नाही," मी म्हटलं. "जा."

तिने माझ्याकडे पाहिलं. काठी खाली ठेवली, डाव्या हाताने टोपली उचलून कमरेला लावली आणि सगळ्यांच्या पुढे निघाली. ऊन डोक्यावर येऊन त्यातली शेवटची बाई परत दिसेपर्यंत मी त्या रपट्यावरून हलले नाही.